तोफा वाढवल्या, तरी हल्ला का फसतो?

प्रश्न : ‘हार्ट्स ऑफ आयर्न ४’ हा दुसऱ्या महायुद्धावरचा कॉम्प्युटर गेम खेळताना माझ्या डिव्हिजनमध्ये (लढणाऱ्या तुकडीत) ७ इन्फन्ट्री (पायदळ) आणि ४ आर्टिलरी (तोफखाना) बटालियन असतात. सॉफ्ट अटॅक (चिलखत नसलेल्या सैन्यावरचा मारा) भरपूर दिसतो, तरी हल्ला थोड्याच दिवसांत थंडावतो. असं का?

उत्तर : तुमच्या तोफा मारतात जोरात, पण डिव्हिजनला दम राहत नाही. डॉक्ट्रिनची (युद्धतंत्राच्या संशोधनाची) भर सोडली तर इन्फन्ट्री बटालियनचं ऑर्गनायझेशन, म्हणजे लढत राहण्याचा दम, ६० आणि आर्टिलरीचं शून्य असतं. डिव्हिजनच्या वाट्याला येते ती सगळ्यांची सरासरी. ७ गुणिले ६० म्हणजे ४२०, त्याला ११ ने भागा : जेमतेम ३८. ते संपलं की माणसं आणि बंदुका शिल्लक असूनही डिव्हिजन लढाई सोडते. दोनच आर्टिलरी ठेवल्या तर हाच आकडा ४६ च्या पुढे जातो.

दुसरी गोची ब्रेकथ्रूची, म्हणजे हल्ला करताना शत्रूचा मारा झेलण्याच्या क्षमतेची. बचाव करताना ढाल असते ती डिफेन्सची, हल्ला करताना ब्रेकथ्रूची. इन्फन्ट्री काय आणि ओढत न्यायच्या तोफा काय, दोघांचाही ब्रेकथ्रू तोकडाच. त्यामुळे खंदकात चिवटपणे टिकणारी तीच डिव्हिजन हल्ल्याला निघाली की झपाट्याने झिजते.

मग तोफा हव्यातच कशाला? लढाईचा हिशोब दर तासाला होतो. समोरच्याचा डिफेन्स पुरतो तोवर तुमच्या प्रत्येक माऱ्याला लागण्याची शक्यता १० टक्के, डिफेन्स संपल्यावर ४० टक्के. समोर डिफेन्स १०० असेल आणि तुमचा मारा १००, तर सरासरी १० मारे लागतात. मारा २०० केला, की पहिल्या शंभरातले १० आणि उरलेल्या शंभरातले ४०, असे ५०. दुप्पट माऱ्याचा पाचपट परिणाम! तोफांचं खरं मोल या उंबरठ्यापलीकडे आहे. तो ओलांडता येत नसेल तर त्या नुसतं ओझं.

खर्चही पाहा. लाइन आर्टिलरीच्या (तुम्ही लावलेल्या, आघाडीत लढणाऱ्या तोफखान्याच्या) एका बटालियनला ३६ तोफा लागतात, म्हणजे तुमच्या डिव्हिजनला १४४. पहिल्या दर्जाच्या तोफेचा उत्पादनखर्च ३.५ धरला तर बेरीज ५०४. मिलिटरी फॅक्टरी दिवसाला ४.५ देते, पण ५० टक्के एफिशियन्सीवर (उत्पादनक्षमतेवर) २.२५ च. एका डिव्हिजनच्या तोफांसाठी एक फॅक्टरी २२४ दिवस अडकते. शिवाय पोलादासोबत टंगस्टन लागतं, ते वेगळंच. म्हणून आधी सपोर्ट आर्टिलरी (डिव्हिजनला जोडलेली मदतनीस तोफखाना कंपनी) लावा : १२ तोफांत काम भागतं आणि डिव्हिजनला आघाडीवर लागणारी जागा, म्हणजे रुंदी, वाढत नाही. ऑर्गनायझेशनची सरासरी मात्र तीही खाली ओढते, हे लक्षात असू द्या.

प्रश्न : काही डिव्हिजन लढाईत उतरतच नाहीत, राखीव बसून राहतात. का?

उत्तर : कॉम्बॅट विड्थ, म्हणजे लढाईत एकावेळी मावणारी रुंदी, भरली म्हणून. इन्फन्ट्री बटालियन २ जागा घेते, लाइन आर्टिलरी ३. तुमची डिव्हिजन २६ ची, ७ इन्फन्ट्री-२ आर्टिलरीवाली २० ची. भूप्रदेशानुसार एकूण जागा बदलते. डोंगरात ती मैदानापेक्षा कमी. दुसऱ्या प्रांतातूनही हल्ला चढवला तर जागा वाढते. आघाडीतली डिव्हिजन कोसळल्यावर राखीव डिव्हिजन लगेच पुढे येईल, या भरवशावर राहू नका : तिला आत शिरण्याची मूळ शक्यता तासाला २ टक्के, म्हणजे अख्ख्या दिवसात साधारण ३८ टक्के. सिग्नल कंपनीने (संदेशवहनाच्या सपोर्ट कंपनीने) ती सुधारते. पुष्कळ जण ही कंपनी फालतू समजून वगळतात, ते चुकतं.

प्रश्न : रणगाड्यांपुढे तोफा का चालत नाहीत?

उत्तर : हार्डनेसमुळे, म्हणजे डिव्हिजन किती चिलखती आहे त्यामुळे. समोरच्या डिव्हिजनचा हार्डनेस ८० टक्के असेल तर तुमच्या सॉफ्ट अटॅकचा पाचवा हिस्साच मोजला जातो, बाकी काम हार्ड अटॅकचं (चिलखतावरच्या माऱ्याचं). तिथे अँटी-टँक (रणगाडाविरोधी तोफ) हवी. तीही सपोर्ट कंपनी म्हणून घेतलेली बरी.