आकडे आजीला मोजू दे

प्रिय बाळा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. आजी ९२ वर्षांची, तिला सांभाळणारे बाबा ६८ चे, आणि तुझा प्रश्न एवढाच: "आजीसाठी मी काय करू?" बाबांबद्दल एक ओळही नाही. मला काळजी वाटली ती त्यांची.

मी ६९ ची, माझी आई ९४ ची. तीन वर्षांपूर्वी तिला खुर्चीतून उठवताना माझ्या पाठीत उसण भरली. ते मी तिच्यापासून लपवलं आणि आठ दिवस दात-ओठ खाऊन तिला उचलत राहिले. शेवटी तिच्या लक्षात आलंच. दोन दिवस ती बोलली नाही. मग म्हणाली, "मी अजून तुझी आई आहे ना? दुखतंय हे मला सांगायचं नाही, तर कुणाला?"

पुढे फिजिओथेरपिस्टनं आम्हा दोघींना समोर बसवून उठणं शिकवलं. खुर्चीच्या कडेला सरकायचं, पावलं मागे ओढायची, छाती पुढे झुकवायची, खुर्चीच्या हातांवर जोर द्यायचा. काखेत हात घालून ओढायचं नाही. त्यात तिचा खांदा दुखावतो आणि माझी पाठ. "एक, दोन, तीन" आई म्हणते, मी नाही. आता बहुतेक वेळा ती स्वतःच्या जोरावर उठते, मी नुसती शेजारी उभी असते. तिनं माझी पाठ वाचवली, असंच मी मानते.

तेव्हा आजीकडून घ्यायलाही शिका. बाबांनी गोळी घेतली का, हे विचारायचं काम तिच्याकडे दे. मन राखायला म्हणून नव्हे, खरोखर. माझ्या रक्तदाबाच्या गोळीची आठवण आईच करते. दोघांचे गोळ्यांचे डबे मात्र वेगवेगळ्या रंगांचे असू देत. पाण्याचे पेलेही दोघांसमोर एकदमच ठेव, कारण वाढत्या वयात तहान कळेनाशी होते. आणि आजी एकाएकी असंबद्ध बोलू लागली, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नकोस. लघवीतल्या जंतुसंसर्गानं किंवा नव्या औषधानंही तसं होतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव.

बाबांना विचार, स्वतःची तपासणी त्यांनी कितीदा पुढे ढकलली. रात्री कितीदा उठतात तेही विचार. मदतीला माणूस ठेवायला ते लाजत असतील, तर त्यांना जपानचं सांग. वृद्धांनीच वृद्धांना सांभाळण्याला तिथे 'रोरो काइगो' असा शब्दच आहे, आणि घरच्यांवरचा हा भार वाटून घ्यायला २००० सालापासून सार्वजनिक विमा आहे. यात कमीपणा कसला?

पुढच्या सुट्टीत चार दिवस आजीजवळ तू राहा आणि बाबांना मोकळं कर. पण आधी आजीशी बोल. लेकाला कुठे पाठवायचं, हे तिनं कधीच ठरवून ठेवलं असेल.

तुझ्या बाई