आधी दहा नग

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. कुंडीच्या मातीत खोचायचं, ओलावा मोजायचं आणि पाणी घालायची वेळ झाली की मोबाइलवर कळवायचं यंत्र तू केलंस. एक नग घरच्या तुळशीत महिनाभर चालला आणि आता क्राउडफंडिंग करायचं आहे, म्हणजे वस्तू बनायच्या आधीच लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करायचे आहेत, इथवर सगळं छान. पण पुढे तू चार प्रश्न विचारलेस: कुठल्या संकेतस्थळावर जाऊ, उद्दिष्ट किती ठेवू, व्हिडिओ कसा करू, बक्षिसांचे टप्पे (किती पैसे देणाऱ्याला काय द्यायचं) कसे पाडू. यातला एकही प्रश्न पहिला नाही. पहिला प्रश्न हा: दुसरा नग कुठे आहे?

मोहीम सुरू करण्याआधी दहा नग कर. हे मी या पत्रात इतक्यांदा म्हणणार आहे की तू कंटाळशील. दहा नग, आणि त्यातले निदान पाच दुसऱ्याच्या हातून. भाऊ, मैत्रीण, प्रयोगशाळेतला सहायक, कुणीही चालेल. त्यांच्या हातात फक्त तू लिहिलेला कागद द्यायचा आणि शेजारी उभं राहून सूचना करायच्या नाहीत. तयार झालेले नग अशा दहा घरी जाऊ देत, जिथे तुझं तोंड बघून कुणी कौतुक करणार नाही.

का, ते तुझ्याच यंत्रावर दाखवतो. तू स्वस्तातला कपॅसिटिव्ह सेन्सर वापरला आहेस, म्हणजे ओलाव्याप्रमाणे विद्युतभार साठवायची क्षमता किती बदलते ते मोजणारी पट्टी. त्याच्या पट्टीला वरून लेप असतो, पण कापलेल्या कडा उघड्या राहतात. त्या कडांतून पाणी फायबरग्लासच्या थरांत मुरतं आणि काही आठवड्यांत माती कोरडी असली तरी आकडा ‘ओली’ म्हणत राहतो. तुझा एक नग महिना टिकला, कदाचित त्याची कड बरी कापली गेली असेल. दहा घेतलेस तर दोन-तीन तरी दगा देतील. उपाय साधा आहे: कडांना पातळ इपॉक्सीचे दोन हात, पहिला पूर्ण वाळल्यावरच दुसरा, आणि वरच्या सर्किटलाही लेप. दुसरी गोष्ट, एकाच पाकिटातले दहा सेन्सर कोरड्या हवेत दहा वेगळे आकडे दाखवतात. म्हणून प्रत्येक नगाचे दोन आकडे नोंदवायचे, एक कोरड्या हवेतला आणि एक खुणेपर्यंत पाण्यात बुडवल्यावरचा, आणि ते त्या नगाच्याच मेमरीत ठेवायचे. एका नगावर बसवलेला हिशेब दुसऱ्याला लावलास तर एकीची तुळस सुकेल आणि दुसरीची कोरफड कुजेल. शिवाय लाल मातीत नीट चालणारा नग कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, गडबडतो, कारण भुसभुशीत कोकोपीटमध्ये पट्टीभोवती हवा राहते आणि यंत्र तिला कोरडेपणा समजतं. गच्चीवर बाग करणारे बरेच लोक कोकोपीट वापरतात. म्हणजे तुझं गिऱ्हाईक तेच.

बॅटरीचंही तेच. ईएसपी३२ या वायरलेस चिपला तू बटण-सेल जोडलास आणि ‘कधीकधी आपोआप रीस्टार्ट होतं’ असं ओझरतं लिहिलंस. ते ओझरतं नाही. संदेश पाठवताना ती चिप क्षणभर शंभर मिलिअँपिअरच्या वर प्रवाह ओढते. सीआर२०३२ या तुझ्या बटण-सेलला तो पेलत नाही, व्होल्टेज बसतं आणि चिप नव्याने सुरू होते. एकतर कमी खाणारी ब्लूटूथ चिप घे, नाहीतर दोन ट्रिपल-ए सेल टाक. मी सेलच टाकीन. किराणा दुकानात मिळतात, आणि लिथियम नसल्याने विमानाने पाठवतानाची कटकटही टळते. चार्जिंगवाली लिथियम बॅटरी घालायचा विचार असेल तर तिचा सेल भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) नोंदणीचाच हवा, आणि कुरियरवाल्याला आत लिथियम आहे हे सांगावं लागतं.

डबी तू थ्रीडी प्रिंटरवर पीएलए या प्लास्टिकमध्ये काढलीस. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. नागपूरच्या मे महिन्यातल्या गॅलरीत, थेट उन्हात, काळी डबी तिथवर पोचते. तिची खिट्टी सुटेल आणि झाकण वाकडं होईल. पीईटीजी किंवा एएसए हे जास्त उष्णता सोसणारं प्लास्टिक वापर. शिवाय थरांच्या फटीतून पाणी झिरपतं, म्हणून आतून लेप किंवा झाकणाला रबरी रिंग.

बघ, हे सगळं मला तुझ्या पत्रावरून आणि एका नगाच्या फोटोवरून दिसलं. दहा नग केले असतेस तर तुझं तुलाच दिसलं असतं.

आता पैसे. तू ९९९ रुपये किंमत ठरवलीस, कारण ‘हजाराच्या आत बरं वाटतं’. बरं वाटण्यावर किंमत बसवत नाहीत. पाचशे नगांचा हिशेब करू. आकडे अंदाजाचे आहेत, तू स्वतःची कोटेशनं आणून बदल. सुटे भाग ३१०, जुळणी आणि तपासणी ६०, प्लास्टिकची डबी ४०, खोका आणि कागद ३०, कुरियर ९०, बिघडलेल्या आणि हरवलेल्या नगांसाठी २५. झाले ५५५. डबीचा इंजेक्शन मोल्ड (वितळलेलं प्लास्टिक दाबाने भरायचा साचा) करायचा तर साच्याचे अडीच लाख धर, पाचशेत वाटले की नगामागे ५००. एकूण १,०५५. आता ९९९मधून १८ टक्के जीएसटी काढला की तुझ्या हातात ८४७ उरतात. संकेतस्थळ आणि पेमेंटचं मिळून ८ टक्के धरलं तर आणखी ८० गेले. उरले ७६७. म्हणजे नगामागे २८८ रुपये तोटा, पाचशेला १ लाख ४४ हजार. हजार नग विकून साच्याचा बोजा निम्मा केलास तरी नगामागे ३८ रुपये खड्ड्यातच. १,४९९ किंमत ठेवलीस तर नगामागे ९५च्या आसपास उरतात, आणि त्यातून तपासण्या, प्रमाणपत्रं, चुका सगळं भागवायचं आहे. कुरियरचा आकडा खोक्यावरही ठरतो, नुसत्या वजनावर नाही, हेही लक्षात घे. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,०००ने भागतात. ३० × २० × १५चा खोका म्हणजे १.८ किलो, आतलं यंत्र दीडशे ग्रॅमचं असलं तरी. दहा नग खरोखर दहा पत्त्यांवर कुरियरने पाठव, एक गडचिरोलीला आणि एक सिंधुदुर्गात. ९० हा आकडा खरा की खोटा ते पावतीवरून कळेल.

उद्दिष्ट दोन लाख ठेवायचं तुझ्या मनात आहे, ‘लवकर पूर्ण होईल म्हणून’. हाच सगळ्यात घातक विचार. १,४९९ने १३४ जण आले की दोन लाख पूर्ण, मोहीम यशस्वी, टाळ्या. आणि साचाच अडीच लाखांचा. आता १३४ लोकांचं देणं आहे आणि डबी करायलाही पैसे नाहीत. उद्दिष्ट म्हणजे ज्याच्या खाली काम होऊच शकत नाही तो आकडा, वर एक रुपया नाही आणि खाली तर मुळीच नाही. साचा करायचा असेल तर पाचशे नगांचे साडेसात लाख माग. तेवढे मिळणार नाहीत असं वाटत असेल तर साचाच नको: सिलिकॉनच्या साच्यात व्हॅक्यूम कास्टिंग कर, एका साच्यातून पंधरा-वीस नग निघतात. किंवा बाजारातली तयार जलरोधक डबी घे आणि यंत्र तिच्यात बसव. दिसायला साधं दिसेल. दिसू दे.

ही चूक नवखेच करतात असं समजू नकोस. अमेरिकेत कूलेस्ट कूलर नावाची, ब्लेंडर आणि स्पीकर बसवलेली बर्फाची पेटी होती. पहिल्यांदा सव्वा लाख डॉलर मागितले, मिळाले नाहीत. २०१४ साली किकस्टार्टर या अमेरिकी क्राउडफंडिंग संकेतस्थळावर उद्दिष्ट ५० हजारांवर आणलं आणि ६२ हजारांवर लोकांनी १ कोटी ३२ लाख डॉलर ओतले. पण ज्या किमतीला विकली त्यापेक्षा ती बनवून पोचवायचा खर्च जास्त होता. मग वाट बघणाऱ्यांना सोडून पेट्या बाहेर चढ्या भावाने विकाव्या लागल्या. २०१९च्या डिसेंबरमध्ये कंपनी बंद झाली तेव्हा सुमारे वीस हजार लोकांच्या हाती काही पडलं नव्हतं. त्याच सुमारास वेल्समधल्या झॅनो ड्रोनने २३ लाख पौंड जमवले, बारा हजारांवर लोकांचे, आणि २०१५च्या नोव्हेंबरात कंपनी गुंडाळली गेली. उलट पेबल घड्याळ बघ. २०१२ साली एक लाख डॉलर मागितले, कोटीच्या वर मिळाले. करणाऱ्याने त्याआधी एक घड्याळ बनवून विकलेलं होतं. तरी सप्टेंबरचा वायदा जानेवारीवर गेला, पण माल पोचला. म्हणून तू जो काय अंदाज करशील त्याच्या दुप्पट मुदत दे, आणि दिवाळीत भोसरीतले जॉबवर्कवाले बंद असतात, चिनी नववर्षात तिकडचे कारखाने बंद असतात, हे धरून दे.

संकेतस्थळाचं आता सांगतो. किकस्टार्टरवर भारतातून मोहीम उघडता येत नाही. न्यू जर्सीतल्या मामाच्या नावाने उघडू का, असं विचारलंस. नको. ज्याच्या नावावर मोहीम, त्याच्यावर वायदा, त्याच्याच खात्यात पैसे आणि त्याच्याच डोक्यावर तिथला कर. मामाच्या चांगुलपणावर एवढं ओझं टाकू नये. इकडच्या मोठ्या संकेतस्थळांवर वैद्यकीय मदतीची आवाहनंच जास्त असतात, त्यांच्या शेजारी तुझं यंत्र विचित्र दिसेल. दीडशे नगांसाठी स्वतःच्या साध्या पानावर आगाऊ नोंदणी घेतलीस तरी पुरे, पण एक अट ठेव: अमुक तारखेपर्यंत अमुक नोंदी झाल्या नाहीत तर सगळ्यांचे पैसे परत. आणि ‘नफ्यात वाटा’, ‘भागीदारी’ हे शब्द चुकूनही लिहू नकोस. लोकांकडून जाहीरपणे असं भांडवल गोळा करायला आपल्याकडे परवानगी नाही. तू वस्तू विकते आहेस, तेवढंच लिही. राज्याबाहेर एक नग जरी पाठवलास तरी जीएसटी नोंदणी लागते, उलाढाल कितीही छोटी असो. ब्लूटूथ आहे म्हणून दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी या शाखेची ईटीए, म्हणजे उपकरणाची मंजुरी, लागेल. ती आधीच असलेलं मॉड्यूल घे आणि विकणाऱ्याकडून प्रमाणपत्राची प्रत मागून घे.

व्हिडिओ टाकण्याआधी पेटंटचा निर्णय कर. एकदा जगाला दाखवलंस की नवेपणा संपला. प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज ऑनलाइन केला तर व्यक्तीला १,६०० रुपये फी, आणि पुढे बारा महिन्यांत पूर्ण अर्ज. खरं सांगायचं तर ओलावा मोजणं जुनं आहे, त्यावर पेटंट मिळेल असं मला वाटत नाही. पण कुंडीच्या काठाला अडकणारी तुझी चिमटी वेगळी आहे. तिच्या आकाराची डिझाइन नोंदणी हजार रुपयांत होते, तीही व्हिडिओच्या आधी.

तुझ्या मैत्रिणीच्या चित्रकथेबद्दल थोडक्यात, कारण तिलाही हेच लागू आहे. शंभर पानं धरली आहेत तिने. छपाई सोळा पानांच्या फर्म्यात होते, म्हणून ९६ कर किंवा ११२, मधली चार पानं उगाच महाग पडतात. आर्ट पेपरवर नुसती डिंकाची बांधणी केली तर पानं सुटतात, शिलाई घ्यायला सांग. आणि तिनेही आधी दहा प्रती डिजिटलवर छापून, बांधून, टपालाने पाठवून बघाव्यात. मुडपलेले कोपरे परत आले की खोक्याची जाडी कळेल.

तू म्हणशील, सर नाउमेद करताहेत. हा आक्षेप मला सवयीचा आहे आणि तो मला मान्य नाही. लोकवर्गणीवर माझा विश्वास तुझ्यापेक्षा जास्त आहे. अंताजी दामोदर काळे एकेक पैसा मागत फिरले आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावला काच कारखाना उभा राहिला. १९७६ साली गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये दिले आणि ‘मंथन’ हा चित्रपट झाला. लोक देतात, म्हणूनच मी चिडतो. ज्याचे दीड हजार बुडाले तो तुझ्यानंतर मोहीम करणाऱ्या पोरीला देणार नाही. आणि कबूल करतो, पूर्वी मीही मुलांना ‘आधी चांगला व्हिडिओ करा’ असंच सांगायचो. तो सल्ला वाईट होता. आज तो मला टोचतो, म्हणून हा हट्ट.

तेव्हा कुठलंही पान उघडण्याआधी सुटे भाग आण. दहा नगांचे, वर दोन जास्त. प्रत्येकावर रंगाने एक ते दहा आकडा घाल. कोरड्या हवेतला आकडा, पाण्यातला आकडा, सेल टाकल्याची तारीख, कुणी जोडला आणि जोडायला किती मिनिटं लागली, असा तक्ता वहीत आख. चार आठवड्यांनी, जे बंद पडले त्यांच्यासकट, त्या तक्त्याचा फोटो मला पाठव. बंद पडलेले नग फेकू नकोस, ते उघडून आपण दोघं मिळून बघू.