आधी वाइंड, मग वेग : सोव्हिएत कॅमेऱ्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

फेड, झोर्की आणि झेनिट या कॅमेऱ्यांविषयी या वेळी बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : पहिलाच सोव्हिएत कॅमेरा घ्यायचा आहे. फेड-२, झोर्की-४ आणि झेनिट-ई यांपैकी कोणता घ्यावा?

रेंजफाइंडर (लेन्समधून न बघता, वेगळ्या खिडकीत दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा कॅमेरा) हवा असेल तर फेड-२. हा खार्किव्हच्या कारखान्यात १९५५पासून तयार होऊ लागला. त्यात शटरचे १/३० सेकंदापेक्षा संथ वेगच नाहीत (सुरुवातीच्या कॅमेऱ्यांवर १/२५), त्यामुळे संथ वेगांची दातेरी यंत्रणाही नाही आणि बिघडायला तेवढी जागा कमी. शिवाय त्याच्या रेंजफाइंडरच्या दोन खिडक्यांमधलं अंतर ६७ मिलिमीटर आहे. झोर्की-४मध्ये ते ३८च आहे. हे अंतर जितकं जास्त, तितका फोकस नेमका जुळतो. झोर्की-४च्या बाजूने बोलायचं तर त्याचा व्ह्यूफाइंडर मोठा आणि स्वच्छ आहे, आणि १ सेकंदापासून १/१००० पर्यंत वेग मिळतात. पण त्यातले संथ वेग इतक्या वर्षांनी बहुधा रेंगाळतात.

झेनिट-ई हा क्रास्नोगोर्स्कचा १९६५ सालचा एसएलआर, म्हणजे आरशाचा कॅमेरा. जड, मोठ्याने वाजणारा आणि दणकट. लेन्समधूनच बघत असल्यामुळे फोकसचा अंदाज चटकन येतो, म्हणून नवख्या माणसाला तो सोपा जातो. दोन गोष्टी मात्र आधीच माहीत असू द्या. व्ह्यूफाइंडरमध्ये २४×३६ मिलिमीटरच्या चौकटीपैकी जेमतेम २०×२८ मिलिमीटरच दिसतं, त्यामुळे फोटोत कडेला नको असलेलं काहीबाही येतं. आणि अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक) आपोआप मिटत नाही. हेलिओस-४४-२ लेन्सवर दोन रिंगा असतात. पुढच्या, टकटक वाजणाऱ्या रिंगेवर हवा तो आकडा ठरवायचा, दुसरी रिंग उघडी ठेवून फोकस करायचा आणि बटण दाबण्याआधी ती अडेपर्यंत फिरवायची. ही शेवटची पायरी विसरली की संपूर्ण रोल एफ/२वर, म्हणजे पूर्ण उघड्या भोकावर जातो.

प्रश्न : झोर्की-४चा वेग बदलताना काही खास काळजी घ्यावी लागते का? विकणाऱ्याने "आधी वाइंड करा" एवढंच सांगितलं.

त्याने सांगितलं ते शंभर टक्के खरं आहे. रोल पुढे सरकवून शटर पूर्ण चढल्याशिवाय वेगाच्या चकतीला हात लावायचा नाही.

कारण असं : ही चकती शटरच्या आसाबरोबर फिरते. शटर सुटलेलं असताना ती वेगळ्या जागी थांबते, त्यामुळे समोर दिसणारा आकडा खोटा असतो. त्या अवस्थेत चकती उचलून फिरवली की तिच्याखालची पिन चुकीच्या खाचेत बसू शकते. नंतर वाइंड करताना संथ वेगाच्या यंत्रणेवर ताण येतो आणि काहीतरी अडकतं किंवा मोडतं. क्रम असा ठेवा : वाइंडिंगचा नॉब थांबेपर्यंत पूर्ण फिरवा, चकती वर उचला, हवा तो आकडा खुणेसमोर आणा, सोडा. ती खाली नीट बसली ना, हे बोटाने चाचपा.

चूक होऊन गेली असेल तर घाबरू नका, पण जोरही लावू नका. वाइंडिंग पूर्ण होत असेल तर ते पुरं करा, मग चकती उचलून पुन्हा बसवा. नॉब मधेच अडला असेल तर मात्र तिथेच थांबा आणि कॅमेरा दुरुस्तीला द्या. फेड-३, फेड-४, फेड-५ आणि जुने झोर्की यांनाही हाच नियम लावा. झेनिटलाही लावलात तर नुकसान काहीच नाही.

प्रश्न : कॅमेरा हातात आल्यावर पाच मिनिटांत काय तपासावं?

सगळ्यात आधी शटरचा पडदा. तो रबर चढवलेल्या कापडाचा असतो. वर्षानुवर्षांनी रबर तडकतं आणि सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. लेन्स काढा, मागचं झाकण काढा, खोली अंधारी करा आणि मोबाइलचा टॉर्च पुढून पडद्यावर धरा. मागून बघताना एकही ठिपका चमकता कामा नये. शटर चढवून पुन्हा बघा, कारण पडदे दोन आहेत आणि चढवल्यावर दुसरा समोर येतो. पडद्याला सुरकुत्या असल्या तर चालतील. कडेला तडे असतील आणि कापड कडक झालं असेल तर तो बदलावाच लागेल. एखाद-दुसरं भोक काळ्या, लवचीक कापडी रंगाच्या पातळ थराने बुजतं. थर जाड झाला की पडदा गुंडाळताना अडखळतो आणि वेग बिघडतो.

रेंजफाइंडरचा पडदा उन्हानेही जळतो. लेन्स उघडी ठेवून कॅमेरा सूर्याकडे तोंड करून टेबलावर ठेवला की भिंग सगळा उजेड पडद्यावर एकवटतं. एसएलआरमध्ये मधे आरसा असतो, रेंजफाइंडरमध्ये काहीच नसतं. म्हणून लेन्सचं झाकण लावायची सवय करा, आणि फोटो काढताना ते काढायचीही, कारण व्ह्यूफाइंडरमधून झाकण दिसत नाही.

मग वेग. मागचं झाकण उघडं, लेन्स काढलेली आणि पुढे उजळ खिडकी, अशा स्थितीत मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो-मोशन व्हिडिओ मागून घ्या. चौकटीच्या मधला एकच बिंदू बघत उजेडाच्या फ्रेम मोजा : १/३०ला सुमारे ८ यायला हव्यात, १/८ला ३०. १/५०० असं मोजता येत नाही. तिथे पांढऱ्या भिंतीकडे बघत बटण दाबा. डावी-उजवी बाजू सारखीच उजळली पाहिजे. एक बाजू काळी राहत असेल तर दुसरा पडदा पहिल्याला गाठतोय.

शेवटी दोन छोट्या गोष्टी. झोर्की-४ आणि फेड-२मध्ये आतली रीळ सुटी निघते आणि पुष्कळदा हरवलेली असते, ती आहे ना बघा. आणि व्ह्यूफाइंडर धूसर वाटला तर लगेच कॅमेऱ्याला नावं ठेवू नका. रोल परत गुंडाळायच्या नॉबखाली चष्म्याच्या नंबरासाठी एक छोटी दांडी असते; ती हलवून बघा. तेवढ्याने बरेचदा सगळं स्वच्छ होतं.

प्रश्न : जुन्या झोर्कीमध्ये (पहिला प्रकार) रोल खालून घालावा लागतो. दोनदा रोल आत अडकला. कुठे चुकतं आहे?

रोलची जीभ आखूड पडते आहे. आजच्या रोलची पुढची अरुंद पट्टी चार-पाच सेंटिमीटरचीच असते. या कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडत नाही. रोल खालून एका चिंचोळ्या फटीत सरकवायचा असतो. पूर्ण रुंदीची फिल्म तिथे शटरच्या चौकटीच्या कडेला अडते, दुमडते आणि फाटते. फाटलेला तुकडा पडद्यात गेला की शटर जाम होतं.

अरुंद पट्टी १० सेंटिमीटर लांब करा, म्हणजे साधारण २१ भोकं. कंपनीने जी बाजू आधीच कापलेली असते तोच काप पुढे न्यायचा. काप भोकाच्या मधून जाऊ देऊ नका, दोन भोकांच्या मधोमध संपवा, आणि शेवटी काटकोन न ठेवता कात्री गोल वळवा. भोकातून गेलेल्या कापाला टोक राहतं आणि फाटायला सुरुवात नेमकी तिथूनच होते.

आता जीभ सुट्या रिळीच्या पट्टीत घट्ट खोचा. डबी आणि रीळ यांच्यात फिल्म सरळ ताणून धरा, आणि दोन्ही एकाच वेळी, समांतर, आत सरकवा. खालचं झाकण लावण्याआधी भोकं दात्यांवर बसली आहेत का ते बघा. झाकण लावल्यावर परत गुंडाळायचा नॉब हलकेच फिरवून ढिलाई काढा, मग वाइंड करा. वाइंड करताना तो नॉब उलटा फिरत असेल तर रोल सरकतो आहे. फिरत नसेल तर ३६ कोऱ्या फोटोंची तयारी ठेवा.

प्रश्न : "लायका, १९३६ ऑलिंपिक" असं कोरलेला सोनेरी कॅमेरा मिळतो आहे. खरा असेल का?

नाही. लायका या जर्मन कॅमेऱ्यासारख्याच दिसणाऱ्या फेड किंवा झोर्कीवरची नावं घासून, नवी कोरून आणि मुलामा चढवून असे कॅमेरे केले जातात. लेन्स काढा आणि माउंटच्या, म्हणजे लेन्स बसते त्या गोल जागेच्या, आत वरच्या बाजूला बघा. रेंजफाइंडरला जोडलेल्या दांडीच्या टोकाला लायकामध्ये गोल फिरणारं चाक असतं. फेड-झोर्कीमध्ये पाचरीसारखं निमुळतं टोक असतं. बाहेरून कितीही सजवलं तरी हा भाग सहसा तसाच सोडलेला असतो.

एक उलटी गोष्टही सांगायला हवी. "फेड" आणि "झोर्की" ही दोन्ही नावं एकाच कॅमेऱ्यावर दिसली म्हणून तो बनावट ठरत नाही. १९४८च्या सुमाराचे पहिले झोर्की खरोखरच तसे निघाले होते. खुद्द फेड हे नावही सोव्हिएत गुप्त पोलिसांचा पहिला प्रमुख फेलिक्स एडमुंडोविच झेर्झिन्स्की याच्या आद्याक्षरांवरून आलं. १९३४पासून हा कॅमेरा खार्किव्हमधल्या त्याच्या नावाच्या मुलांच्या श्रमवसाहतीत तयार होत असे.

प्रश्न : एम३९ आट्यांची लेन्स घेतली, फेडवर बरोबर बसते, पण एकही फोटो शार्प येत नाही.

तुमच्याकडची लेन्स झेनिटची आहे. सुरुवातीच्या झेनिटलाही ३९ मिलिमीटरच्याच आट्या होत्या, पण लेन्स ते फिल्म हे अंतर त्यात ४५.२ मिलिमीटर असतं, फेड-झोर्कीत २८.८. आट्या जुळतात, अंतर जुळत नाही. उलट केलं, म्हणजे रेंजफाइंडरची लेन्स झेनिटवर लावली, तर अगदी जवळच्या वस्तूच तेवढ्या फोकस होतात.

ओळखायची खूण : लेन्सची मागची बाजू बघत फोकसची रिंग फिरवा. रेंजफाइंडरच्या लेन्सला मागे एक धातूची कडी असते, जी फोकसबरोबर आत-बाहेर सरकते. कॅमेऱ्यातलं ते पाचरीचं टोक हिच्यावरच टेकतं. झेनिटच्या लेन्सला ती नसते. नावंही फसवी आहेत. इंडुस्टार-५० रेंजफाइंडरसाठीही निघाली आणि झेनिटसाठीही, इंडुस्टार-५०-२ मात्र झेनिटसाठीच. इंडुस्टार-६१ एल/डी रेंजफाइंडरची, इंडुस्टार-६१ एल/झेड झेनिटची. हेलिओस-४४ एसएलआरचीच.

प्रश्न : झेनिट-ईच्या मीटरला बॅटरी कुठे घालायची? आणि त्यावर आयएसओ दिसत नाही.

बॅटरी लागत नाही. पुढच्या रेषांच्या खिडकीमागे सेलेनियमची पट्टी आहे, उजेड पडला की तीच वीज तयार करते. म्हातारी झाली की सुई कमी हलते किंवा हलतच नाही. मोबाइलच्या लाइटमीटरशी ताडून बघा. फरक सगळीकडे सारखा असेल तर तेवढा धरून चाला. अंधारात बरोबर आणि उन्हात चूक असं होत असेल तर मीटर विसरा.

आकडे गोस्टचे, म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे ते सांगणाऱ्या सोव्हिएत मानकाचे आहेत; आयएसओ हे त्याचंच आजचं माप. १९८७पूर्वीचं गोस्ट आयएसओच्या सुमारे ९० टक्के : आयएसओ १०० म्हणजे गोस्ट ९०, ४०० म्हणजे ३६०. चकतीवर ६५, १३०, २५० असे टप्पे आहेत. आयएसओ १००साठी खूण ६५ आणि १३०च्या मधे ठेवा, ४००साठी २५० आणि ५००च्या मधे. निगेटिव्ह रोलला एवढा अंदाज पुरतो.

प्रश्न : पहिला रोल धुऊन आला. काही फोटोंत पांढरे ठिपके, काहींत एक बाजू काळी, आणि शेवटचे दोन एकमेकांवर चढले आहेत. हे सगळं एकाच दोषामुळे?

तीन वेगळे दोष आहेत. ठिपके दर फोटोत एकाच जागी असतील तर पडद्याला भोक आहे.  फिल्म सरकताना त्याच भोकातून ओरखडेही उमटतात.

एक बाजू काळी, ती १/५०० आणि १/२५०लाच असेल तर पडद्यांचा ताण बिघडला आहे. दुरुस्त होईपर्यंत १/१२५ किंवा त्याहून संथ वेगांवर काम भागवा. फ्लॅश लावलेल्या फोटोत असेल तर दोष कॅमेऱ्याचा नाही. या कॅमेऱ्यांचा फ्लॅशचा वेग १/३० आहे, त्याहून वेगात पडदा पूर्ण उघडतच नाही.

शेवटचे फोटो चढण्याचं कारण बहुतेक जोर. रोल संपल्यावर वाइंडिंगचा नॉब किंवा लिव्हर मधेच अडते. तिथे ढकललं की भोकं फाटतात आणि फिल्म जागची हलत नाही. फोटोंचा आकडा या कॅमेऱ्यांत हातानेच शून्यावर आणावा लागतो, तो आणला नसेल तर रोल कधी संपला ते कळतही नाही.

प्रश्न : हेलिओसची फोकस रिंग इतकी घट्ट आहे की लेन्सच माउंटमधून सुटून येते. तेल सोडू का?

तेल अजिबात नको. ते भिंगांवर आणि अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर पसरतं. आतलं जुनं ग्रीस वाळून मेणासारखं झालंय, ते काढूनच टाकावं लागतं. रिंगेचे तीन बारीक स्क्रू ढिले करून रिंग काढा आणि आट्यांचे दोन भाग सुटे करा. ज्या क्षणी ते सुटतात, त्या जागी दोन्ही भागांवर एकमेकांसमोर सुईने खूण करा. या आट्यांना सुरुवातीच्या जागा अनेक असतात. चुकीच्या जागी बसवलं तर लेन्स जुळल्यासारखी वाटते, पण अनंतावर फोकस होत नाही. लायटरमध्ये भरायच्या पेट्रोलने, खिडकी उघडी ठेवून आणि आगीपासून लांब, आट्या ब्रशने धुवा. पूर्ण वाळल्यावर हेलिकॉइडसाठीचं (फोकसच्या आट्यांसाठीचं) ग्रीस टूथपिकच्या टोकाने जेमतेम एक पातळ रेघ लावा. जास्त लावलेलं ग्रीस उन्हाळ्यात पातळ होऊन पात्यांवर येतं, आणि मग पुन्हा सगळी लेन्स खोलावी लागते.