शेअर वाढला, पण बाजाराच्या मागे राहिला

प्रश्न (एक वाचक, देवगड): नमस्कार ताई, आमची हापूसची बाग आहे, सीझन संपला की थोडे पैसे शेअर्समध्ये टाकतो. सहा महिन्यांपूर्वी ४०० ला घेतलेला शेअर आता ४४८ आहे म्हणजे १२ टक्के सुटले, तरी भाचा म्हणतो मामा हा शेअर वीक आहे, काढून टाका. फायद्यातला शेअर वीक कसा काय?

उत्तर: दादा, भाचा बरोबर बोलतोय, फक्त विकायची घाई नको. तुमच्या पेटीला गेल्या वर्षीपेक्षा दोनशे जास्त मिळाले आणि वाशीला त्याच मालाचा सगळ्यांचा भाव पाचशेने चढलेला असला तर तुम्ही विचाराल ना, माझ्याच पेटीला कमी का? शेअरलाही तेच विचारायचं.

हिशोब वहीत होतो. समजा त्याच सहा महिन्यांत निफ्टी, म्हणजे ५० मोठ्या कंपन्यांच्या शेअर्सवरून बाजाराची चाल सांगणारा आकडा (इंडेक्स), २०,००० वरून २३,६०० झाला, म्हणजे १८ टक्के. शेअरच्या भावाला निफ्टीने भागा: तेव्हा ४०० भागिले २०,००० म्हणजे ०.०२००, आता ४४८ भागिले २३,६०० म्हणजे साधारण ०.०१९०. हा आकडा ५ टक्के खाली आलाय, तेवढा तुमचा शेअर बाजाराच्या मागे पडला. बरेच जण १२ मधून १८ वजा करून ६ टक्के मागे म्हणतात, पण भागाकारच करा, कारण मोठ्या चढउतारात वजाबाकीचा फरक खूप वाढतो. दर शुक्रवारचा क्लोजिंग भाव घेऊन हा आकडा लिहीत गेलात की काही महिन्यांत रेषाच दिसायला लागते, चढती असेल तर शेअर बाजारापेक्षा जोरात, आणि माझं स्पष्ट मत, एका आठवड्याच्या आकड्यावर काहीही ठरवू नका, सहा महिन्यांची दिशा बघा. जेगदीश आणि टिटमन या अभ्यासकांनी १९९३ मध्ये अमेरिकेतल्या शेअर्सवर अभ्यास छापला, त्यात मागच्या ३ ते १२ महिन्यांत पुढे असलेले शेअर्स पुढचे काही महिनेही सरासरीने पुढे राहिलेले दिसले. सरासरीने, प्रत्येक शेअर नाही, हे विसरू नका.

वहीत लिहिताना बोनस (कंपनी फुकट देते ते जादा शेअर्स) आणि स्प्लिट (एका शेअरचे लहान भाग करणं) सांभाळा. एकास एक बोनस आला की भाव निम्म्यावर येतो, रेषा धाडकन पडते आणि माणूस घाबरून विकतो, खरं तर काहीच बिघडलेलं नसतं, जुने भाव निम्मे करून घेतले की झालं. दुसरं, तुलना कोणाशी करताय ते बघा. निफ्टी ५० मध्ये बँका आणि फायनान्सचं वजन एक तृतीयांशाहून जास्त आहे, म्हणून छोट्या कंपनीसाठी ५०० कंपन्यांचा निफ्टी ५०० घ्या, आणि जमलं तर त्याच धंद्यातल्या इंडेक्सशीही ताडून बघा, कारण कधी कधी आख्खा धंदाच मागे पडलेला असतो आणि तुमची कंपनी त्यातली बरी असते. अशा वेळी काढायची घाई अजिबात नको.

आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. रेषा चढती असतानाही पैसे बुडू शकतात. जानेवारी २०२० मध्ये १२,४०० च्या आसपास पोचलेला निफ्टी २३ मार्चला ७,६१० ला बंद झाला. त्या पडझडीत जो शेअर २५ टक्केच पडला तो बाजारापेक्षा मजबूत होता, पण लाखाचे पंचाहत्तर हजार झालेच की. बागेच्या खर्चाचे पैसे यात असतील तर ही रेषा तुम्हाला वाचवणार नाही. तरी अशा पडत्या बाजारातच ती सगळ्यात कामाची, औषध कंपन्यांचा फार्मा इंडेक्स त्या वर्षी एप्रिलमध्येच जानेवारीच्या वर गेला, निफ्टीला नोव्हेंबर उजाडला.

प्रश्न (एक वाचिका, गुहागर): माझ्या शेअरचा आरएसआय ७० च्या वर आहे, म्हणजे तो बाजारापेक्षा स्ट्राँग ना?

उत्तर: नाही हो ताई, त्यात बाजार येतच नाही. वाइल्डर यांनी १९७८ मध्ये मांडलेला तो इंडिकेटर शेअरची त्याच्याच मागच्या, बहुतेक वेळा १४ दिवसांच्या, चढउतारांशी तुलना करतो. बाजार १० टक्के धावला आणि तुमचा शेअर रोज थोडा थोडा चढत ४ टक्के गेला तरी आरएसआय ७० च्या वर दिसू शकतो. तुम्हाला हवी ती रेषा वरच्या उत्तरातली, चार्टच्या बऱ्याच ॲपमध्ये शेअर भागिले इंडेक्स असं टाकलं की ती आपोआप येते.