निळ्या लेशनॉल्टियाने मान टाकली तर आधी हातातला पाइप खाली ठेवा

तुमची पोस्ट वाचून दोन मिनिटं तशीच बसून राहिले. सप्टेंबरमध्ये फुलांनी भरलेलं निळं लेशनॉल्टिया, म्हणजे इथलं ते निळ्या फुलांचं छोटं झुडूप, आणलं, नोव्हेंबरपर्यंत ते छान होतं, जानेवारीच्या ऐन उन्हाळ्यात दुपारी मान टाकायला लागलं, तुम्ही रोज संध्याकाळी पाणी घातलं आणि आठवड्याभरात ते उभ्या उभ्या वाळलं. आणि हे तिसरं रोप. शेवटी तुम्ही विचारलंय, माती बदलू का, शेणखत आणखी घालू का. ऑस्ट्रेलियात पर्थला आल्यावर माझी अशी सहा रोपं गेली आहेत, आणि सहावं गेल्यावर मीही खताचाच प्रश्न विचारत फिरत होते. म्हणून जरा लांबलचक लिहिते.

मी वनस्पतिशास्त्र शिकलेली नाही, नोकरी हिशेबाची करते. माझा अनुभव एका घराच्या अंगणाचा आणि पुढच्या रस्त्याकडेच्या पट्टीचा, तोही शहराच्या उत्तरेकडच्या वाळूतला. डोंगराकडे खडीच्या जमिनीत राहणाऱ्यांचा अनुभव वेगळा असू शकेल. ऊन किती लागतं, रोप कुठून घ्यावं, हे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडून देते.

शेणखत अजिबात घालू नका. तुमचं रोप तहानेने मेलेलं नाही असं मला जवळजवळ खात्रीने वाटतं. त्याची मुळं कुजली. मेलेलं रोप अजून जागेवर असेल तर उपटून बघा. मूळ बोटांत धरून ओढल्यावर वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि आत बारीक दोरा उरला, रंग तपकिरी-काळा आणि वास कुबट असेल, तर पाणी जास्त झालं. तहानेने मेलेल्या रोपाची मुळं कडक, कोरडी, काडीसारखी असतात. मी पहिली पाच रोपं न बघताच कचऱ्यात टाकली. सहावं उपटून पाहिलं तेव्हा कळलं, आणि फार वाईट वाटलं, कारण दोन महिने मी रोज माझ्याच हाताने ते करत होते.

यातली फसवणूक अशी की मुळं कुजलेलं झाड आणि तहानलेलं झाड दिसायला सारखंच. मुळं गेली की पाणी वर चढत नाही, पानं लोंबतात. आपण म्हणतो, अरेरे, ऊन लागलं. पाणी घालतो. उरलेली मुळंही कुजतात. दुसऱ्या दिवशी ते आणखी लोंबतं, आपण आणखी घालतो. त्यामुळे दुपारी चार वाजता झाडाकडे बघून काहीही ठरवू नका. चाळीस अंशांत धडधाकट झाडही मान टाकतं. सकाळी सहाला बघा. सकाळी ते ताठ असेल तर ठीक आहे, हात लावू नका. सकाळीही लोंबलेलं असेल तर बोट दोन पेरं मातीत घाला. आत कोरडं लागलं तर पाणी द्या. ओल लागली तर देऊ नका, काळीज कितीही तुटलं तरी.

आपल्याला हे इतकं जड का जातं याचा मी बराच विचार केला आहे. मी चिपळूणची. आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो उबेत पडतो. ऊब आणि पाणी एकत्र आलं की सगळं तरारून येतं, हे आपल्या अंगात मुरलेलं आहे. पर्थला साधारण ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातला बहुतेक मे ते सप्टेंबर, म्हणजे थंडीत. उन्हाळा कोरडा ठणठणीत. ही झुडपं हजारो वर्षं अशीच वाढली आहेत: थंडीत पाणी प्यायचं, उन्हाळ्यात गप्प बसायचं. तापलेली ओली माती त्यांच्या मुळांनी कधी पाहिलेलीच नाही. मूळ कुजवणाऱ्या बुरशीसारख्या जिवांना मात्र नेमकी तीच हवी असते. इथे ज्याला डायबॅक म्हणतात तो फायटोफ्थोरा त्यातलाच, आणि तो उबदार ओल्या मातीत झपाट्याने पसरतो. घरी संत्र्याच्या किंवा डाळिंबाच्या बागेत बहार धरायला ताण देतात ना, पाणी तोडतात? या झुडपाला दर उन्हाळ्यात तसा ताण सवयीचा आहे. आपण प्रेमाने तो मोडतो.

आता माझी मोठी चूक. तिच्यात एका कार्यालयाचा हात आहे, नाव घेणार नाही.

मला घरासमोरच्या रस्त्याकडेच्या पट्टीतलं गवत काढून तिथे इथली झुडपं लावायची होती. आमच्या भागात त्यासाठी लेखी परवानगी लागते असं सांगितलं गेलं. मार्चमध्ये अर्ज केला, म्हणजे मेच्या पहिल्या पावसाला रोपं जमिनीत जातील. एप्रिलमध्ये उत्तर आलं, नकाशा जोडा. मी मोजमाप घेऊन, रोपांची उंची लिहून नकाशा दिला. मेमध्ये कळलं की तो दुसऱ्या विभागाकडे जायला हवा होता. त्या विभागाने जूनमध्ये विचारलं, पट्टीखालून पाण्याचे आणि केबलचे पाइप कुठून जातात. तेही शोधून दिलं. मग शांतता. फोन केला की कोणीतरी गोड आवाजात म्हणायचं, तुमचं प्रकरण प्रक्रियेत आहे. प्रत्येक वेळी माणूस वेगळा, प्रत्येक वेळी मी पहिल्यापासून सांगायचं. रोपं सगळी थंडी घराच्या बाजूच्या बोळात, अर्ध्या सावलीत, छोट्या कुंड्यांत बसली. परवानगीचं पत्र ऑक्टोबरच्या शेवटी आलं. लावायचा सगळा काळ, पावसाचे पाच महिने, कागदांत गेला. पर्यावरणाला पूरक बागा लावा असं सांगणारी रंगीत पत्रकं त्याच कार्यालयातून घरी यायची, याचा मला आजही राग येतो. तुम्ही पट्टीत लावणार असाल तर नियम आधी लेखी मागून घ्या. कित्येक ठिकाणी परवानगी लागतच नाही, आणि लागत असेल तर अर्ज आदल्या वर्षीच करून ठेवा.

पण कार्यालयाने उशीर केला म्हणून मी नोव्हेंबरमध्ये रोपं लावायलाच हवी होती का? नाही. मोठ्या कुंड्यांत घालून पुढच्या मेपर्यंत थांबायला हवं होतं. आठ महिने वाट पाहिल्यावर मला धीर धरवला नाही, एवढंच. त्यातून लावलीही चुकीची. इथली वाळू फार निकस असं सगळेच सांगतात, म्हणून मी खड्ड्यात चिकणमातीची भुकटी, कंपोस्ट आणि कोंबडखताच्या गोळ्या मिसळल्या. वर आपल्या पद्धतीने छान गोल आळं केलं, पाणी साठावं म्हणून. स्प्रिंकलर आठवड्यातून ठरलेल्या दोनच दिवशी लावता येतो, पण हातातल्या पाइपने द्यायला मुभा असते. ती मुभा मी रोज वापरली. म्हणजे निचरा होणाऱ्या वाळूत मी सहा छोट्या वाट्या तयार केल्या आणि त्या जानेवारीभर गरम पाण्याने भरत राहिले. पहिलं रोप सहा तारखेला गेलं, शेवटचं प्रजासत्ताक दिनाच्या आसपास.

मधे एका दुकानात सुकलेली फांदी घेऊन गेले होते. तिथल्या माणसाने फांदी हातात न घेताच गुलाबाला घालतात ते खत दिलं. या एका बाबतीत माझं मत ठाम आहे, कोणाला पटो न पटो: इथल्या झुडपांना स्फुरद (फॉस्फरस) असलेलं साधं खत देऊच नये. इथली माती अतिशय जुनी आणि धुपून गेलेली, तिच्यात स्फुरद नावापुरता. बँक्सिया आणि ग्रेव्हिलिया या इथल्या झाडांच्या घराण्याने ते कण वेचायला गुच्छासारखी खास मुळं तयार केली आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच झाडांना जास्त आलेला स्फुरद नाकारता येत नाही. पानं पिवळी पडतात, कडा जळतात, झाड जातं. लेशनॉल्टिया त्या घराण्यातलं नाही, पण खताची गरज त्यालाही नाही. फार वाटलंच तर ‘देशी’, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या, झाडांसाठी असं लिहिलेलं, कमी स्फुरदाचं, हळू विरघळणारं खत इथल्या शरदात, म्हणजे मार्च ते मेमध्ये, चिमूटभर. आणि डायबॅकवर वापरतात ते फॉस्फाइट वेगळं, खतातलं फॉस्फेट वेगळं. नावं जवळची आहेत, दुकानात गोंधळ होतो, पिशवी नीट वाचा.

आता तुम्ही काय करावं. मेलेलं रोप कंपोस्टमध्ये टाकू नका, पिशवीत बांधून कचऱ्यात द्या. कुदळ घासून धुवा आणि मेथिलेटेड स्पिरिटने पुसा. ती जागा मेपर्यंत रिकामी, कोरडी राहू द्या. माती बदलायची नाही. घातलेलं खत आणि कंपोस्ट काढता येईल तेवढं काढा आणि जाडी वाळू भरा. मग आळ्याच्या उलट करायचं: वीतभर उंच ढिगारा करून त्याच्या माथ्यावर रोप लावायचं. पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, पण खोडापासून चार बोटं लांब. पहिला उन्हाळा मात्र अगदी कोरडा काढू नका, नव्या रोपाची मुळं खोल गेलेली नसतात. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, पहाटे, भरपूर आणि खोल पाणी द्यायचं आणि मग विसरायचं. दुसऱ्या उन्हाळ्यापासून माझी झाडं जवळजवळ पावसावरच आहेत. एक लक्षात ठेवा, इथली वाळू सुकली की पाणी झिडकारते. वरून ओघळ जातो आणि आत कोरडं राहतं. म्हणून बोट घालून बघण्याला पर्याय नाही. कुंडीत लावलंत तर खाली ताटली ठेवू नका, ती सवय घरून येते.

इथले मूळ रहिवासी असलेल्या नूंगार लोकांच्या वर्षात आपल्यासारखेच सहा ऋतू आहेत, आणि मी आता त्यांच्याच हिशेबाने बाग करते. जेरान म्हणजे एप्रिल-मे, तेव्हा खड्डे. मकुरू म्हणजे जून-जुलै, तोपर्यंत सगळी लागवड संपलेली. जिल्बा आणि कंबरांगमध्ये, ऑगस्ट ते नोव्हेंबर, फुलं. बिराक आणि बुनुरूमध्ये, डिसेंबर ते मार्च, हात मागे. चार इंग्रजी ऋतूंपेक्षा हे कितीतरी नेमकं बसतं.

बियांच्या नादी सध्या लागू नका. या पट्ट्यातल्या कित्येक झाडांच्या बिया वणव्यानंतरच रुजतात. त्यांना जागं करतो तो धूर. धुरातलं ते रसायन इथल्याच वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ मध्ये ओळखलं, आणि धुराच्या नूंगार शब्दावरून त्या गटाला कॅरिकिन नाव मिळालं. धुराचं पाणी विकत मिळतं, पण लेशनॉल्टिया छाटकलमाने इतकं सहज येतं की ती खटपट कशाला? मार्च-एप्रिलमध्ये कोवळ्या फांदीचे बोटभर तुकडे घ्या, खालची पानं काढा, जाड्या वाळूत परलाइट (कुंड्यांच्या मातीत घालतात ते हलके पांढरे खडे) मिसळून खोचा, सावलीत ठेवा. दरवर्षी करा, कारण हे झुडूप मुळात अल्पायुषी. माझं सर्वांत जुनं पाच वर्षं जगलं, तेही फुलं संपल्यावर दरवर्षी हलकं छाटलं म्हणून. रानातून मात्र फांदी तोडू नका. परवान्याशिवाय ते बेकायदा आहे, आणि पर्थच्या सखल पट्ट्यातलं बँक्सियाचं रान २०१६ पासून केंद्र सरकारच्या धोक्यातल्या अधिवासांच्या यादीत आहे. रानात फिरून आलात तर बुटांची माती झाडूनच बागेत शिरा, डायबॅक तिच्यातूनच येतो.

विषयाला सोडून, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्याच्या नावावरून हे झुडूप ओळखलं जातं तो फ्रेंच वनस्पतितज्ज्ञ लेशनॉल्ट १८०१ मध्ये बोदँ या फ्रेंच कप्तानाच्या मोहिमेबरोबर या किनाऱ्यावर आला होता, आणि पुढे १८१६ पासून काही वर्षं तो आपल्याकडे पुद्दुचेरीला होता. आणि कोकणात वाळूच्या किनाऱ्यावर एक झुडूप दिसतं, ज्याचं पांढरं फूल अर्धं फाडून टाकल्यासारखं असतं. ते याच कुळातलं. मला हे कळलं त्या दिवशी ही परकी वाळू थोडी ओळखीची वाटली.

तुमचं चौथं रोप अजून दुकानातच असेल तर आत्ता आणू नका. माझ्याकडे बोळात कुंड्यांमध्ये आठ रोपं मुळं धरून उभी आहेत, त्यांतली दोन तुमची. मेमध्ये पहिला चांगला पाऊस झाला की निरोप पाठवा, मी आणून देईन. तोवर त्या मेलेल्या रोपाच्या मुळाचा फोटो इथे टाका. साल निघते का ते आपण बघू, आणि निघत नसेल तर माझा अंदाज चुकला असं मी इथेच लिहीन.