मुक्तीनंतर गोव्याच्या स्वातंत्र्यसैनिकांनी केलं काय?

तुम्ही विचारलंय की १९६१ नंतर गोव्यातल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या संघटनांनी सत्कार आणि पेन्शन सोडून काही समाजकार्य केलं का.

केलं. पण 'संघटनेनं केलं' म्हणताना मी जरा अडखळतो. मुळात ही मंडळी एका झेंड्याखाली लढलीच नव्हती. आझाद गोमंतक दल सशस्त्र, नॅशनल काँग्रेस (गोवा) सत्याग्रही, आणि बाहेरून पाठबळ देणारी पुण्याची गोवा विमोचन सहायक समिती. त्यात गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावर १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मतं, विरोधात १,७२,१९१. एकत्र तुरुंग भोगलेली माणसं तेव्हा समोरासमोर उभी होती. एकजुटीच्या गोड गोष्टी कोणी सांगितल्या तर जपून ऐका.

शिवाय मुक्ती झाली म्हणून सगळे सुटले असंही नाही. मोहन रानडे (मूळचे सांगलीचे मनोहर आपटे) आमच्या फोंडा तालुक्यात, सावई-वेऱ्याला मराठी शिकवायला आले होते. १९५५ साली बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले, २६ वर्षांची शिक्षा झाली आणि रवानगी थेट पोर्तुगालला. इथे तिरंगा फडकल्यावरही सात वर्षं ते लिस्बनजवळच्या किल्ल्यात होते! सुधीर फडक्यांसारख्यांनी पाठपुरावा सोडला नाही; जानेवारी १९६९ ला रानडे सुटले. परतल्यावर त्यांनी पाच वर्षं गोवा रेडक्रॉसचं अध्यक्षपद सांभाळलं, पुण्यात गरीब मुलांच्या शिक्षणाचं काम केलं.

मित्रा बीर यांचं नाव तर आता फारसं कोणी घेतही नाही. वयाच्या बाविसाव्या वर्षी बारा वर्षांची शिक्षा झालेली ही बाई. पुढे मडगावला, वेरेंला मुलींसाठी शाळा काढल्या, प्रौढ शिक्षणाचे आणि बायकांना हातकाम शिकवण्याचे वर्ग चालवले. माझ्या मते खरं समाजकार्य हे, पण ते व्यक्तींचं; त्याचं श्रेय कुठल्या संघटनेच्या खात्यावर घालू नये.

संघटनेचं म्हणावं असं काम मला दिसलं ते कागदांचं. केंद्राची पेन्शन १९७२ पासून सुरू झाली. अट होती साधारण सहा महिन्यांच्या तुरुंगवासाची, आणि पुरावा हवा. इथे पुरावा पोर्तुगीजमध्ये! निवाड्यावर आडनावाचं स्पेलिंग एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, आणि कित्येकांकडे कागदच नाही. अशा वेळी सहबंद्यांचं प्रमाणपत्र चालायचं: 'हा माझ्याबरोबर आग्वादच्या तुरुंगात होता' असं दुसऱ्या कैद्यानं लिहून द्यायचं. आमच्या वाड्यावरचे एक आजोबा सोप्यावर बसून लोकांचे अर्ज भरत. आलेल्याला आधी विचारत, कोठडीचं दार कुठल्या बाजूला होतं, जेवण कोण आणायचा. उत्तर जुळलं नाही तर चहा पाजून परत पाठवत, सही देत नसत. यामुळे नात्यातले दोघे त्यांच्याशी कायमचे बोलेनासे झाले.

पुढे संघटनांचा बराच जोर मुलांना सरकारी नोकऱ्या मिळवून देण्यात गेला. मागणी चुकीची नव्हती, पण त्यात बाकीचं मागे पडलं हे खरं. स्मारकांपुरतं म्हणाल तर पत्रादेवीचं हुतात्मा स्मारक आहे, पणजीच्या आझाद मैदानावर गोव्याच्या राष्ट्रवादी चळवळीचे जनक मानले जाणाऱ्या टी. बी. कुन्हांच्या अस्थी आहेत. तिथे १८ जूनला, म्हणजे गोवा क्रांती दिनाला, गर्दी असते, एरवी कोणी फिरकत नाही.

तुमच्या घरी कोणी तुरुंगात गेलं असेल तर पणजीच्या पुराभिलेख खात्यात विचारून बघा. जाताना नावाची जुनी पोर्तुगीज स्पेलिंगं सगळी लिहून न्या, नाहीतर हेलपाटा पडेल.