टीव्हीचा पैसा फुटबॉलचा, फरफट मात्र हॉकीची: वाचकांची प्रश्नोत्तरं

अमेरिकेतल्या कॉलेज हॉकीवर बरेच प्रश्न आलेत. हॉकी म्हणजे इथे बर्फावरची, ध्यानचंदवाली नाही. आणि फुटबॉल म्हटलं की अमेरिकन फुटबॉल समजा.

प्रश्न: मुलगी अ‍ॅन आर्बरला शिकते. तिच्या कॉलेजच्या हॉकी मॅचेस टीव्हीवर लाइव्ह असतात. मग मिशिगनला, म्हणजे तिच्या युनिव्हर्सिटीला, हॉकीच्या टीव्ही राइट्सचे किती मिळत असतील?

हॉकीचे म्हणून वेगळे जवळजवळ काहीच नाही! बिग टेन कॉन्फरन्सने (कॉन्फरन्स म्हणजे युनिव्हर्सिट्यांची लीग, मिशिगन तिच्यात आहे) ऑगस्ट 2022 मध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीबरोबर सात वर्षांचं डील केलं, 7 अब्ज डॉलरच्या वरचं, पण ते सगळं शनिवारच्या फुटबॉलच्या जिवावर आणि थोडंफार बास्केटबॉलच्या. तो पैसा मेंबर युनिव्हर्सिट्यांमध्ये वाटला जातो आणि वाटताना तुमची हॉकी टीम आहे की नाही हे कोणी विचारत नाही. लग्न फुटबॉलचं, हॉकी वऱ्हाडात जेवून येते.

नॅशनल लेव्हलला पण तेच. एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संस्थेने, 2024 मध्ये ईएसपीएन या स्पोर्ट्स चॅनलला 40 चॅम्पियनशिप्स एकगठ्ठा विकल्या, 8 वर्षांचे 920 मिलियन डॉलर, त्यातला मोठा वाटा महिला बास्केटबॉलचा धरला जातो आणि फ्रोझन फोर, म्हणजे हॉकीची फायनल स्पर्धा, ही त्या गठ्ठ्यातली एक. याउलट पुरुष बास्केटबॉलची मार्चमधली एकटी स्पर्धा वर्षाला अब्ज डॉलरच्या आसपास आणते. हॉकीचा खरा गल्ला म्हणजे तिकीट आणि देणगीदार. नॉर्थ डकोटा युनिव्हर्सिटीचं रिंक, म्हणजे बर्फाचं स्टेडियम, बघा, 2001 चं, एका माजी विद्यार्थ्याने 100 मिलियनच्या वर ओतून बांधलेलं, 11 हजारांवर सीट्स, आणि तेही ग्रँड फोर्क्ससारख्या छोट्या गावात.

प्रश्न: मिनियापोलिसमध्ये ऑफिसातले जुने लोक अजून 2013 वरून चिडतात. नक्की झालं काय होतं?

चिडणारच ना. गोष्ट सुरू होते 2007 ला, तेव्हा बिग टेनने फॉक्सबरोबर स्वतःचं चॅनल काढलं, बिग टेन नेटवर्क. आता चॅनल चोवीस तासांचं, फुटबॉल आठवड्यातून एक दिवस, बाकीच्या वेळात दाखवायचं काय? हॉकी होती, पण मिशिगन, मिशिगन स्टेट आणि ओहायो स्टेट खेळायच्या सीसीएचएमध्ये, मिनेसोटा (तुमच्या मिनियापोलिसची) आणि विस्कॉन्सिन डब्ल्यूसीएचएमध्ये, या दोन्ही फक्त हॉकीच्या जुन्या लीग. झाल्या पाच, आणि बिग टेनचा नियम असा की कॉन्फरन्सची चॅम्पियनशिप भरवायला सहा टीम पाहिजेत. सप्टेंबर 2010 मध्ये टेरी पेगुला या गॅसवाल्या अब्जाधीशाने पेन स्टेटला 88 मिलियन दिले, रिंक बांधा आणि टीम काढा म्हणून (पुढे आकडा 102 वर गेला). झाले सहा! मार्च 2011 मध्ये घोषणा, 2013 पासून बिग टेन हॉकी सुरू.

मग पळापळ. नॉर्थ डकोटा, डेन्व्हर, डुलुथ वगैरे मंडळींनी जुलै 2011 मध्ये एनसीएचसी नावाची लीग काढून वेगळी चूल मांडली, सीसीएचए 2013 मध्ये बंदच पडली. मिनेसोटावाल्यांचं दुःख हे की नॉर्थ डकोटा, डुलुथ, सेंट क्लाउड, ज्यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्यांची खुन्नस, ते आता लीगमध्ये नाहीत आणि समोर पेन स्टेट. सेंट पॉलला डब्ल्यूसीएचएची फायनल फाइव्ह, म्हणजे सीझनच्या शेवटची टूर्नामेंट, जत्रा असायची. बिग टेनने आपली टूर्नामेंट सेंट पॉल आणि डेट्रॉइटला आलटून पालटून भरवली तर खुर्च्या रिकाम्या, टीव्हीवर ते आणखीनच भकास दिसायचं, शेवटी 2018 पासून मॅचेस कॅम्पसवर नेल्या. टीव्हीसाठी काढलेली लीग आणि टीव्हीवरच वाईट दिसते, यापरतं अजून काय बोलणार.

प्रश्न: नोत्र दाम युनिव्हर्सिटी इंडियानात, मग ते बॉस्टनच्या लीगमध्ये काय करत होते?

त्यांचं फुटबॉल 1991 पासून एनबीसीवर. सीसीएचए बुडतेय म्हटल्यावर त्यांनी हॉकी ईस्ट, म्हणजे तुम्ही म्हणता ती बॉस्टनकडची लीग, धरली, कारण एनबीसीच्या स्पोर्ट्स चॅनलला मॅचेस पाहिजे होत्या, आणि हॉकी ईस्टला नॅशनल टीव्ही. टीव्हीसाठी हजार किलोमीटरहून लांबचा मेंबर चालून गेला. 2017 ला मात्र ते बिग टेनमध्ये आले, फक्त हॉकीपुरते. भूगोल आपला जागा झाला की काय कुणास ठाऊक.

प्रश्न: यात छोट्या कॉलेजांचं काय होतं?

वाईट होतं. मोठे गेल्यावर डब्ल्यूसीएचएत उरले मिशिगन-मिनेसोटाकडचे छोटे, ओहायोचं बोलिंग ग्रीन, वर अलास्काची दोन आणि खाली अलाबामाचं हंट्सव्हिल. टीव्हीचा पैसा नाही आणि विमानाचा खर्च मात्र आहे. 2019 मध्ये सात कॉलेजांनी जाहीर केलं आम्ही चाललो, 2021 ला त्यांनी जुनं सीसीएचए नाव परत उभं केलं आणि अलास्काची दोन आणि हंट्सव्हिल, हे तिघं बाहेर राहिले. हंट्सव्हिलला लीगच मिळाली नाही म्हणून टीम थांबवली. अलास्काच्या अँकरेजने लोकांकडून 3 मिलियन गोळा करून 2022 मध्ये परत बर्फावर पाय ठेवला, लीगशिवाय. मला विचाराल तर 2013 च्या हिशेबात सगळ्यात जास्त किंमत या तिघांनी मोजली आणि बिग टेनच्या मीटिंगमध्ये यांचं नाव कोणी घेतलं असेल असं वाटत नाही.

प्रश्न: ज्याच्याकडे टीव्ही तोच चॅम्पियन, असंच ना सर?

अजिबात नाही. 2014 ते 2025 मध्ये 11 नॅशनल चॅम्पियनशिप्स झाल्या (2020 ची कोविडमुळे रद्द). एनसीएचसी 7, बिग टेन शून्य! डेन्व्हरकडे तर फुटबॉल टीमच नाही आणि त्यांनी या काळात तीन मारल्या. हॉकीत चोवीस-पंचवीस वर्षांची पोरं, एक चांगला गोलकीपर आणि एक बरा वीकेंड पुरतो. पण 2025 पासून युनिव्हर्सिट्या खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, 2025-26 साठी साधारण 20.5 मिलियनपर्यंत, सगळे खेळ मिळून, आणि कॅनडाच्या ज्युनिअर लीगमधली पोरंही आता कॉलेजला खेळू शकतात. फुटबॉलचा टीव्ही-पैसा खेळाडूच्या हातात जायचा रस्ता आता उघडलाय, हे शून्य फार दिवस टिकेल असं मला वाटत नाही.

प्रश्न: सगळ्या मॅचेस बघायला एकच सबस्क्रिप्शन सांगा ना.

नाही हो. बिग टेनचं स्वतःचं, हॉकी ईस्ट आणि ईसीएसी (पूर्वेकडचीच आणखी एक लीग) ईएसपीएनकडे, एनसीएचसीचं वेगळं. तुमच्या मुलाची टीम कुठल्या लीगमध्ये आहे ते बघा आणि तेवढंच घ्या, फ्रोझन फोर ईएसपीएनवर असतेच.